कागदावरची रेघ काय सांगते: ए-फोर पेन प्लॉटर बांधताना

४० मिलिमीटर व्यासाचं एक वर्तुळ काढायला लावलं की पेन प्लॉटरचं, म्हणजे संगणकाच्या हुकमाने पेन धरून कागदावर चित्र काढणाऱ्या यंत्राचं, सगळं बिंग बाहेर पडतं. सुरुवात आणि शेवट जिथल्या तिथे मिटले, तर यंत्र ठीक. डाव्या आणि उजव्या टोकाला वर्तुळ किंचित चपटं झालं, तर एक्स अक्षात (डावी-उजवी दिशा) प्ले, म्हणजे ढिलाई, आहे. वर-खाली चपटं झालं तर वाय अक्षात. आडवा किंवा उभा अंडाकार आला तर एका अक्षाचं माप चुकलंय. तिरका अंडाकार आला तर दोन अक्ष काटकोनात नाहीत. ज्याला हे वाचता येतं त्याला मल्टिमीटर कमी वेळा उचलावा लागतो.

डिप्लोमाच्या किंवा डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुलं एकत्र प्रोजेक्ट करायचं म्हणतात, तेव्हा आम्ही लाइन फॉलोअरऐवजी (रेघेवरून चालणारी रोबोट गाडी) प्लॉटर सुचवतो. लाइन फॉलोअर चुकला तर तो का चुकला हे कुणाला कळत नाही, दोष सेन्सरवर ढकलून मोकळं होता येतं. प्लॉटर आपली चूक कागदावर लिहून ठेवतो. पुढे जे लिहिलंय ते असे तीन प्लॉटर बांधताना जमलेलं आहे: दोन प्लायवूडचे, एक ॲल्युमिनियम प्रोफाइलचा.

सामान आधी. नेमा १७ स्टेपर मोटर (एकेक स्टेप, म्हणजे पायरी, फिरणारी) दोन, स्टेपला १.८ अंशांच्या, साधारण १.५ अँपिअरच्या. अर्डुइनो उनो (कंट्रोलर बोर्ड) एक, त्यावर बसणारं सीएनसी शील्ड व्ही३ (जोडणीचा बोर्ड), मोटरला करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर दोन (तिसरा घेऊन ठेवा, एक जळतोच). पेन उचलायला एसजी९० सर्व्हो (ठरलेल्या कोनावर फिरणारी छोटी मोटर), १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (वीजपुरवठा), ५ व्होल्टसाठी व्होल्टेज उतरवणारं एलएम२५९६ चं बक मॉड्यूल. जीटी२ दातेरी बेल्ट ६ मिमी रुंद, दोन मीटर. २० दात्यांच्या पुली दोन, भोक ५ मिमी. आयडलर (बेल्ट वळवणारी मोकळी चाकं) दोन. ८ मिमीचे हार्डन्ड गाइड रॉड: दोन ३५० मिमीचे, दोन ४५० मिमीचे. रॉडवर सरकणारी एलएम८यूयू बेअरिंग आठ. अक्षाचं टोक ओळखायला दोन मायक्रोस्विच, एम३चे स्क्रू-नट, स्प्रिंग वॉशर, झिप टाय. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिमी, त्यात कॅरेजची, म्हणजे रॉडवर सरकणाऱ्या भागाची, रुंदी मिळवली की रॉडची ही लांबी येते. रॉड ३०० आणि ४०० मिमीचे घेऊन नंतर हळहळणारे पाहिलेत; कागदाच्या कडेला दोन सेंटिमीटर पेन पोचतच नाही.

पुण्यात यातलं इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं. पण नुसतं 'काका, ए४९८८ द्या' म्हणून पिशवी बंद करू नका. काउंटरवरच मोबाइलचा कॅमेरा झूम करून चिपशेजारचे दोन काळे सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारे) बघा. त्यांवर आर१०० लिहिलंय की आर०५०? दुकानदार विचारेल, 'शंभरवाला की पन्नासवाला, काय फरक पडतो?' करंट सेट करताना दुपटीचा फरक पडतो, म्हणून सगळे ड्रायव्हर एकाच जातीचे घ्या आणि आकडा वहीत लिहून ठेवा. स्क्रू, वॉशर, ॲलन की वगैरे रविवार पेठेत बोहरी आळीत. लेझर कटिंग भोसरीत करून घेणार असाल तर गुरुवार सोडून जा, त्या दिवशी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी असते.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी भंगार प्रिंटर मिळतात आणि त्यातले चकचकीत रॉड बघून मोह होतो. मोटर आणि मायक्रोस्विच खुशाल घ्या. रॉड मात्र वर्नियर लावल्याशिवाय घेऊ नका. ते बरोबर ८ मिमीचे असतीलच असं नाही आणि बहुतेक वेळा हार्डन्ड नसतात. एलएम८यूयूच्या आत स्टीलच्या गोळ्या फिरतात. मऊ रॉडवर त्या थोड्याच दिवसांत बारीक चर पाडतात आणि मग कॅरेज दाणेदार चालतं. भंगारातला रॉड वापरायचाच असेल तर त्यावर पितळी किंवा प्लॅस्टिकचा बुश चढवा. रॉड सरळ आहे का हे बघायला तो खिडकीच्या काचेवर लोळवायचा. खालून उजेडाची फट उघडझाप करत असेल तर रॉड वाकडा.

आता सांगाडा. ६ मिमी प्लायवूड लेझरने कापून घेतलेलं आम्हाला सर्वांत मानवलं. ॲक्रिलिक दिसायला झकास, पण स्क्रू जरा आवळला की भोकापासून तडा जातो. एमडीएफ स्वस्त आणि सपाट असतो, पण पुण्यातल्या जुलै महिन्यात त्याच्या कडा ओल धरून फुगतात आणि बेअरिंगचं भोक आवळतं. वापरलाच तर कापल्या कापल्या कडांना वॉर्निशचा हात द्या. लेझर साधारण ०.१५ ते ०.२ मिमी लाकूड जाळून टाकतो, त्यामुळे बाहेरचं माप लहान होतं आणि भोक मोठं. बेअरिंगचा बाहेरचा व्यास १५ मिमी आहे म्हणून ड्रॉइंगमध्ये १५ टाकलं तर बेअरिंग सैल बसतं. १४.८, १४.९ आणि १५ अशी तीन भोकं एका तुकड्यावर आधी कापून बघा, मगच पूर्ण शीट लावा. एवढा एक तुकडा वाचवायला जाऊन पूर्ण शीट वाया घालवणारे दर वर्षी भेटतात.

मोटरच्या तोंडावर चार भोकं ३१ मिमी अंतरावर असतात, मधली गोल चकती २२ मिमीची. भोकांची खोली जेमतेम साडेचार मिमी. प्लाय ६ मिमी, वॉशर अर्धा मिमी, म्हणजे १० मिमी लांबीचा एम३ स्क्रू साडेतीन मिमी आत जातो, तो बरोबर. १२ चा स्क्रू तळाला जाऊन टेकतो, डोकं घट्ट लागल्यासारखं वाटतं आणि मोटर हलत राहते. वर्तुळ मिटत नाही म्हणून दोन दिवस सॉफ्टवेअर तपासायचं आणि शेवटी स्क्रू दोन मिमी लांब निघायचा, हे ठरलेलं.

रॉड बसवताना घाईत सगळे स्क्रू एकदम आवळायचे नाहीत. दोन समांतर रॉड आणि त्यांवर पक्कं बांधलेलं कॅरेज, ही रचना मुळातच हट्टी असते. रॉडमधलं अंतर एका टोकाला दुसऱ्यापेक्षा ०.३ मिमीने जास्त असलं तरी कॅरेज मध्यावर छान चालतं आणि टोकाला गच्च होतं. एक रॉड पूर्ण पक्का करा. दुसऱ्याची दोन्ही टोकं सैल ठेवा. कॅरेज डाव्या टोकापर्यंत नेऊन ते टोक आवळा, मग उजव्या टोकापर्यंत नेऊन ते आवळा. आता यंत्र ३० अंशांनी तिरपं धरलं की कॅरेज आपल्या वजनाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घरंगळलं पाहिजे, कुठेही न अडता. अडलं तर ती जागा पेन्सिलीने रॉडवर खूण करून ठेवा आणि पुन्हा सैल करा. ही परीक्षा पास झाल्याशिवाय बेल्ट लावायचा नाही. बेल्ट लागला की मोटर जोर लावून हा दोष झाकते, आणि नंतर वेगात स्टेप सुटतात तेव्हा ड्रायव्हरला शिव्या बसतात. बेअरिंग रॉडवर चढवताना सरळ चढवा. तिरकं दाबलं की आतल्या गोळ्या टपाटप जमिनीवर. रॉडच्या कापलेल्या कडेवर आधी कानस फिरवून घ्या.

वाय अक्ष ओढण्याचा प्रश्न वेगळा. एक्स अक्षाचा पूर्ण पूल, म्हणजे त्याचे रॉड आणि कॅरेज मिळून, वाय अक्षावर पुढे-मागे जातो. बेल्ट पुलाच्या एका बाजूला लावणं सोपं असतं, म्हणून तसाच लावला जातो. मग एक बाजू ओढली जाते, दुसरी मागे रेंगाळते आणि दिशा बदलली की पूल उलटा तिरपा होतो. कागदावर याचा पुरावा मजेदार असतो: बेल्टच्या बाजूला काढलेलं वर्तुळ चांगलं, लांबच्या बाजूला काढलेलं चपटं. उपाय दोन. बेल्ट बेडच्या (कागद ठेवायच्या फळीच्या) खालून बरोबर मध्यावरून न्यायचा, आणि एकाच रॉडवरच्या दोन बेअरिंगमधलं अंतर शक्य तितकं जास्त, निदान ८० मिमी ठेवायचं. आम्ही पहिल्या प्लॉटरमध्ये हे अंतर ४० ठेवलं होतं. तो प्लॉटर अजूनही लांबच्या बाजूला अंडी काढतो.

बेल्ट. कॅरेजला बांधताना टोक स्वतःवर दुमडून दात्यात दाते अडकवायचे आणि दुमडीवर दोन झिप टाय. नुसत्या स्क्रूखाली दाबलेला बेल्ट सरकतो. ताण किती? ४०० मिमीच्या मोकळ्या भागावर मधोमध बोटाने हलकं दाबल्यावर ५-६ मिमी दबावा. तारेसारखा खणखणीत ताणला तर मोटरचा शाफ्ट एका बाजूला ओढला जातो आणि कॅरेज जड होतं. आयडलर दातेवाला घ्या. साधी बेअरिंग आयडलर म्हणून लावून बेल्टची दाते असलेली बाजू त्यावरून नेली तर प्रत्येक दाता चढताना-उतरताना बारीक धक्का बसतो.

हा धक्का कुठे दिसतो ते नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकजण फसतात. एक्सच्या दिशेने काढलेल्या सरळ रेघेत तो दिसतच नाही. पेन त्याच रेघेवर जरा पुढे-मागे झालं, एवढंच. रेघ तिरकी काढली की तीच चूक बाजूला सरकते आणि लाट होऊन डोळ्यांना दिसते. म्हणून परीक्षेसाठी एक लांब तिरकी रेघ नेहमी काढायची आणि लाटेची लांबी अक्षाच्या दिशेने मोजायची. दर २ मिमीला लाट असेल तर बेल्टचे दाते आणि आयडलर. दर ४० मिमीला असेल तर पुली, कारण २० दाते गुणिले २ मिमी म्हणजे पुलीचा एक फेरा. पुलीचं भोक केंद्रात नाही किंवा ग्रब स्क्रूने (पुली शाफ्टवर पक्की करणारा बिनडोक्याचा स्क्रू) पुली एका बाजूला दाबली आहे. मिलिमीटरहून बारीक थरथर असेल तर ती ड्रायव्हरच्या मायक्रोस्टेपची (एका स्टेपचे केलेले बारीक भाग) असते, यंत्राची नव्हे. आणि पुलीचा ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच आला पाहिजे. शाफ्ट पूर्ण गोल असेल तर कानसीने ५ मिमी लांबीचा सपाट भाग करून घ्या. करताना मोटर उभी धरून शाफ्ट खाली करा आणि बेअरिंगवर कागदी टेप लावा, नाहीतर लोखंडाचा बुरा थेट चुंबकाला जाऊन चिकटतो.

इलेक्ट्रॉनिक्सकडे येऊ. मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या रंगावरून ओळखू नका. कोणत्याही दोन वायरी एकमेकींना चिकटवून शाफ्ट हाताने फिरवा. फिरवायला जड गेलं तर ती एका कॉइलची जोडी. मोटर जागच्या जागी गुरगुरते आणि थरथरते पण फिरत नाही, याचा अर्थ दहातल्या नऊ वेळा जोड्या चुकल्या. मोटरसोबत येणाऱ्या तयार केबलमध्ये मधल्या दोन वायरींची अदलाबदल असू शकते, त्यामुळे केबल लावल्यानंतर शील्डच्या बाजूने पुन्हा तपासा.

ड्रायव्हर शील्डवर उलटा बसला तर वीज देताच संपतो. 'स्क्रूचा पॉट (करंट ठरवणारा फिरवायचा स्क्रू) या बाजूला' अशी खूण लक्षात ठेवणारे ए४९८८ च्या जागी डीआरव्ही८८२५ हा दुसरा ड्रायव्हर आणतात तेव्हा हमखास जाळतात, कारण त्याचा पॉट विरुद्ध टोकाला असतो. खूण एकच धरायची: ड्रायव्हरच्या पाठीवरची ईएन (एनेबल) पिन शील्डवर छापलेल्या ईएनशी जुळली पाहिजे. ड्रायव्हरखालचे तिन्ही जंपर (दोन पिना जोडणारी टोपणं) लावले की ए४९८८ चा स्टेप सोळाव्या भागाचा होतो. जंपर आधी, ड्रायव्हर नंतर. उलट केलं तर पुन्हा उपटावं लागतं.

करंट सेट करण्याचा हिशोब असा. संदर्भ व्होल्टेज म्हणजे हवा तो करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर. मोटर १.५ अँपिअरची असली तरी प्लॉटरला ०.८ पुरतो. आर१०० असेल तर ०.८ × ८ × ०.१ म्हणजे ०.६४ व्होल्ट. आर०५० असेल तर ०.३२. इथेच काउंटरवर लिहून घेतलेला आकडा कामाला येतो. पन्नासवाल्यावर ०.६४ ठेवला तर मोटरला १.६ अँपिअर जातो आणि हीटसिंक असूनही ड्रायव्हर तापून मधेमधे बंद पडतो. कागदावर चित्र चांगलं चाललेलं असतं आणि अचानक पुढचा सगळा भाग तीन सेंटिमीटर सरकून उमटतो. मोजताना काळी प्रोब ग्राउंडवर, लाल प्रोब पॉटच्या धातूच्या स्क्रूवर. उनोला यूएसबी लावलेली हवी, कारण शील्डचा १२ व्होल्टचा टर्मिनल फक्त मोटरला वीज देतो, बोर्डाला नाही. पेचकस प्लॅस्टिकचा वापरा, लोखंडी घसरला की शेजारच्या पिनवर.

चालू यंत्रात मोटरची पिन काढायची नाही. कॉइलचं सर्किट तुटताना जो व्होल्टेजचा झटका येतो तो ड्रायव्हरवरच जातो. जंपर वायरीच्या सैल टोकानेही हेच होतं, म्हणून एक्स मोटरची सतत हलणारी केबल शील्डजवळ झिप टायने बांधा आणि कनेक्टरवर गरम गोंदाचा एक थेंब टाका. १२ व्होल्टच्या इनपुटवर १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. शील्डवर बहुधा असतो, त्याची ध्रुवता मात्र बघून घ्या. एसएमपीएसच्या २३० व्होल्टच्या टर्मिनलवर झाकण नसेल तर ते आधी करा. तीन पिनचीच वायर वापरा, अर्थिंगशिवाय सांगाड्याला हात लावला की मुंग्या येतात आणि यूएसबीही मधेच तुटते.

सर्व्होचं ५ व्होल्ट अर्डुइनोच्या पिनवरून घेणं हा सगळ्यात लोकप्रिय शॉर्टकट आहे. एसजी९० अडकला तर अर्ध्या अँपिअरहून जास्त ओढतो. तेवढ्यात बोर्डाचं व्होल्टेज खाली जातं आणि कंट्रोलर रीसेट होतो. ओळखायचं कसं? पेन उचलायच्या क्षणी यंत्र थांबतं आणि सॉफ्टवेअरच्या खिडकीत जीआरबीएलचा (उनोमध्ये टाकलेल्या, यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) स्वागताचा संदेश पुन्हा उमटतो. मधेच स्वागत म्हणजे रीसेट, दुसरा अर्थ नाही. सर्व्होला बक मॉड्यूलवरून वेगळे ५ व्होल्ट द्या, त्याच्याजवळ ४७० मायक्रोफॅरड लावा, ग्राउंड सगळ्यांचं एकच ठेवा. बक मॉड्यूल जोडण्याआधी मल्टिमीटरवर ५ करून घ्या. नवीन मॉड्यूल कितीवर सेट केलेलं येईल याचा नेम नसतो.

उनोमध्ये जीआरबीएल १.१ टाकणं दहा मिनिटांचं काम, त्यावर शाई खर्च करत नाही. सेटिंगमध्ये $१०० आणि $१०१ या दोन ओळी प्रति मिलिमीटर स्टेप सांगतात: २०० स्टेप गुणिले १६, भागिले ४०, म्हणजे ८०. आता १०० मिमीची रेघ काढा आणि पट्टीने मोजा. ८० मिमी भरली तर पुली २० ची नसून १६ दात्यांची आली आहे. २०० भरली तर तिसरा जंपर बसलेला नाही. ९९.२ वगैरे भरली तर? सगळेजण लगेच ८० चं ८०.६ करतात. आमचा याला विरोध आहे. बेल्ट आणि पुलीचं गणित पक्कं असतं. पाऊण मिलिमीटर कमी भरतंय म्हणजे बेल्ट सैल आहे, पेन डगमगतंय किंवा पट्टीचा शून्य घासलेला आहे. आकडा बदलला की १०० ची रेघ बरोबर येते आणि १० ची चुकलेलीच राहते. कारण प्लेमुळे होणारी चूक लांबीबरोबर वाढत नाही, ती प्रत्येक वळणावर तेवढीच राहते. २० मिमी आणि २०० मिमी अशा दोन रेघा मोजा. दोन्ही एकाच प्रमाणात कमी असतील तरच आकड्याला हात लावा.

काटकोन तपासायला १०० मिमीचा चौरस काढून कर्ण मोजायचे. दोन्ही १४१.४ यायला हवेत. दोन कर्णांत १ मिमीचा फरक म्हणजे अक्ष साधारण ०.४ अंशाने तिरपे. पुलाचे स्क्रू सैल करून एक बाजू जरा ढकला, पुन्हा काढा. तीन-चार कागद जातात.

होमिंगवर, म्हणजे यंत्राने स्विचला टेकून आपली शून्य जागा शोधण्यावर, सगळ्यांचा एक दिवस जातो. जीआरबीएल मुळात मिलिंग मशीनसाठी लिहिलेलं, त्यामुळे होमिंगला आधी झेड (वर-खाली) अक्ष वर घेतं. आपल्याकडे झेडला स्विचच नाही, म्हणून 'स्विच सापडला नाही' असा अलार्म ९ येतो. कॉन्फिग फाइलमध्ये होमिंगची पहिली फेरी एक्स आणि वायची करा आणि दुसरी फेरी बंद करून पुन्हा अपलोड करा. स्विच नॉर्मली क्लोज्ड पद्धतीने (न दाबता सर्किट जोडलेलं) जोडा, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबतं, आणि स्विचचा अर्थ उलटा करायला $५=१ करा. यात एक खाच आहे. $५ उलटं केलं की रिकामी सोडलेली झेडची लिमिट (टोकाच्या स्विचची) पिनसुद्धा 'दाबलेली' दिसते आणि स्टेटसमध्ये झेड अडकून राहतो. जीआरबीएल १.१ मध्ये ही पिन डी१२ आहे, शील्डवर ती स्पिंडल (कापणारी मोटर) एनेबलच्या नावाने छापलेली असते. तिथून १ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडा. लिमिटच्या वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच झिप टायमध्ये बांधल्या तर चित्र काढताना मधेच, स्विच दाबला गेल्याचा, अलार्म १ येतो. वायरी वेगळ्या न्या आणि सिग्नल-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरड टाका.

पेन उचलण्याचा सर्व्हो डी११ वर, म्हणजे शील्डवर झेड लिमिट लिहिलेल्या जागी. ही पिन आता स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (स्पंदांचा सिग्नल) देते, पण जवळजवळ १ किलोहर्ट्झवर. सर्व्होला ५०च्या आसपास हर्ट्झ लागतात. सीपीयू मॅप फाइलमध्ये टायमर २ चा प्रीस्केलर (घड्याळाच्या वेगाला भागणारा आकडा) ६४ वरून १०२४ केला की ६१ हर्ट्झ मिळतात, सर्व्होला चालतात. पण मग एक पायरी ६४ मायक्रोसेकंदांची होते, म्हणजे सर्व्होचे साधारण ६ अंश. बारीक कोन मिळत नाही, त्यामुळे पेनची उंची सॉफ्टवेअरने नाही, सर्व्होची दांडी काढून एक-दोन दाते सरकवून बसवून जुळवायची. $३०=२५५ आणि $३१=० ठेवलं की आज्ञेतला एसचा आकडा जवळपास थेट पायरीचा होतो; सर्व्होला लागणारी १ ते २ मिलिसेकंदांची स्पंदं म्हणजे १६ ते ३१. पेन खाली करायची आज्ञा एम३ एस१७, वर करायची एम३ एस२५, असं काहीतरी. एम५ ही बंद करायची आज्ञा वापरू नका. त्याने सिग्नलच बंद होतो आणि सर्व्हो ढिला पडतो.

सर्व्होने पेन दाबायचं नाही, फक्त उचलायचं. खाली यायचं ते पेनने आपल्या वजनाने. दाबणारा सर्व्हो बेडच्या प्रत्येक उंचवट्याला अडकतो, गरम होतो आणि महिन्याभरात त्याचे प्लॅस्टिकचे दाते जातात. वजनावर टेकलेलं पेन एक-दीड मिमीचा चढउतार स्वतःच गिळतं. पेनहोल्डरची उभी सरक मात्र घट्ट हवी. पेनच्या टोकाला बोटाने डावीकडे-उजवीकडे ढकलून बघा. जेवढं टोक हलतंय, तेवढी चूक रेघेत येणारच, मग बाकी यंत्र जर्मनीहून आणलेलं का असेना. पेन खाली केल्यावर जी४ पी०.२, म्हणजे ०.२ सेकंदाची विश्रांती द्या. नाही दिली तर प्रत्येक अक्षराची सुरुवात पुसट येते, आणि वर उचलल्यावर नाही दिली तर शेवटाला शेपटी.

वेगाचा मोह शेवटी. जेल पेन मिनिटाला १५०० ते २५०० मिमीपर्यंत नीट शाई सोडतं. प्रवेग $१२० आणि $१२१ मध्ये १०० पासून सुरू करून वाढवत न्या. मजकुराच्या ओळी हळूहळू एका बाजूला पायऱ्यांसारख्या सरकत असतील तर कोपऱ्यावर स्टेप सुटतात. प्रवेग २० टक्क्यांनी कमी करा. अक्षरं ठीक, पण कोपरे थरथरलेले असतील तर स्टेप सुटत नाहीत, पूल डुलतोय. त्यालाही प्रवेग कमी करणं हाच स्वस्त उपाय, पुलाला तिरका आधार देणं हा खरा. चित्र चालू असताना $१=२५५ ठेवा, म्हणजे मोटर थांबली तरी धरून राहते. मोटर यात हाताला चटका बसण्याइतकी नाही पण चांगली गरम होते. म्हणूनच मोटरचा माउंट पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लॅस्टिकमध्ये प्रिंट करू नका. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो आणि बेल्टच्या ताणाने वाकतो. आठवड्याभराने बेल्ट 'आपोआप' सैल झाला असं वाटतं, ते हेच.

सबमिशनच्या दिवशी यंत्र स्कूटरवर, दोघांच्या मध्ये धरून कॉलेजला जातं. पुलाची कॅरेज दोन्ही अक्षांवर दोऱ्याने बांधा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला ती टोकावर आपटते आणि मायक्रोस्विचची पत्ती वाकते. पोचल्यावर आधी ग्रब स्क्रू, मग चौरस आणि ४० मिमीचं वर्तुळ, मगच परीक्षकांना बोलवा. कागद मास्किंग टेपने चारही कोपऱ्यांना चिकटवा, पंखा बंद करा. आणि जेल पेनची दोन जास्तीची रिफिल खिशात ठेवा. टोपण न लावता तासभर होल्डरमध्ये राहिलेलं पेन पहिला सेंटिमीटर कोराच काढतं.